बसलेला हात

“हात बसलाय माझा,” ती म्हणाली.

मराठीत हे कौतुकाचं वाक्य आहे. वर्षानुवर्षं गिरवून, घोटून अक्षर ताब्यात आलं की आपण म्हणतो, हात बसला. पण तिने लगेच पुढे जोडलं, “आणि आता तो उठतच नाही.”

तिच्यासमोर एका कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी लिहिलेलं शीर्षक होतं. अर्ध्या तासात झालेलं. ठाशीव दंड, शेवटाला किंचित उचललेली शिरोरेषा, वेलांटीला तिचा तो नेहमीचा डौल. तीन पर्याय द्यायचे होते, तिने तीन दिले होते आणि तिन्ही चांगले होते. प्रकाशकाकडून निरोप आला होता, ‘तुमचं अक्षर लांबूनही ओळखू येतं.’ तो निरोप वाचल्यापासून संध्याकाळपर्यंत ती फारसं बोलली नव्हती.

आम्ही दोघी एकाच खोलीत काम करतो. ती सुलेखन करते, मी पुस्तकांची मांडणी. दोन टेबलं, मधे एक सामायिक स्कॅनर. हे प्रकरण त्या संध्याकाळपासून पुढच्या दीडेक वर्षाचं आहे. तिच्या संमतीने, तिचं नाव न घेता लिहिते आहे. मसुदा तिने वाचला आणि दोन ठिकाणी मला अडवलं. त्या दोन्ही जागा पुढे येतील, कारण दोन्ही ठिकाणी तिचं बरोबर होतं.

रिकामी टोपली

तिच्या कामातून खेळ कधी गेला त्याची तारीख सांगता येणार नाही. कसा गेला ते मात्र मी शेजारी बसून पाहिलं आहे, आणि त्याची खूण होती तिच्या टेबलाखालची कागदाची टोपली.

सुरुवातीच्या वर्षांत ती टोपली दुपारपर्यंत भरायची. लिहायला बसण्याआधी हात मोकळा करायचा म्हणून ती रद्दी कागदावर रेघोट्या ओढायची आणि त्या रेघोट्यांमध्येच रमायची. ‘ह’ची शेपटी कुठवर नेता येते, ‘ज्ञ’ उलटा धरला तर त्यात कुठला प्राणी दिसतो, दोन निबं रबराने एकत्र बांधली तर वळणावर दोन रेघा एकमेकींना कशा ओलांडतात, असलं काहीबाही. त्यातलं जवळजवळ सगळं टोपलीत जायचं. कामाला उशिरा हात लागायचा, पण लागायचा.

मग कामं वाढली. हात मोकळा करायच्या रेघोट्या कमी होत होत तीनवर आल्या. एक उभी, एक आडवी, एक गोल, की लगेच शीर्षक. पडद्यावरच्या दुरुस्तीनेही हातभार लावला. पूर्वी एखाद्या अक्षराचा दंड वाकला तर ते अख्खं अक्षर, कधीकधी अख्खी ओळ पुन्हा लिहावी लागायची आणि पुन्हा लिहिताना काहीतरी वेगळंच हाती लागायचं. आता स्कॅन करून इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये दोन बिंदू ओढले की दंड सरळ. शाई कमी, कागद कमी, वेळ कमी. टोपली आठ-आठ दिवस रिकामी राहू लागली आणि आम्हा दोघींनाही ती शिस्त वाटत होती. मी तर एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

कुणी खेळाला बाहेर काढलं नव्हतं. ओढलेली प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या कामासाठी ओढली जाऊ लागली, इतकंच झालं होतं.

पहिला प्रयत्न

त्या संध्याकाळनंतर तिने ठरवलं, रोज सकाळी एक तास फक्त खेळायचं. चांगल्या जाड कागदाची वही आणली. रोज एक पान, पानाखाली तारीख, आणि पानाचा फोटो समाजमाध्यमावर. “नाहीतर माझ्याच्याने टिकणार नाही,” असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं. आपण दोघी शिस्तीच्या, तर खेळसुद्धा शिस्तीनेच परत येईल असं आम्ही धरून चाललो होतो.

पहिले दहा-बारा दिवस खरंच मजेत गेले. मग एकदा तिच्या खांद्यावरून माझी नजर गेली आणि वहीच्या पानावर पेन्सिलीची फिकट आखणी दिसली. समास सोडलेला, शिरोरेषेसाठी ओळ आखलेली. खेळायच्या पानावर आखणी! पुढे पुढे पानाइतकाच वेळ फोटोला जाऊ लागला. उजेड कुठून येतोय, निब शेजारी ठेवायचं की नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ती दोन पानं करायची. “कालचं राहिलंय,” म्हणायची, अगदी थकलेला हप्ता भरावा तशी.

नंतर एका ग्राहकाने त्यातलं एक पान पाहिलं. ओल्या कागदावर लिहिलेली अक्षरं होती ती, पाण्याबरोबर कडांनी पसरलेली, काही ठिकाणी अर्धी विरघळून गेलेली. त्यांना एका मालिकेसाठी तसंच हवं होतं, बारा शीर्षकं. तिला आनंद झाला, मलाही झाला. खेळातून काम मिळालं, याहून चांगलं काय असणार? बारा शीर्षकं झाली, वेळेवर गेली, छानही झाली.

त्यानंतर ती वही उघडली गेली नाही. “ओल्या कागदाला हात लावला की मला डेडलाइन दिसते,” ती म्हणाली.

या जागी मला १९७३मधला एक प्रयोग आठवतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो बालवाडीतल्या मुलांवर केला होता. रंगीत पेनांनी चित्रं काढायला ज्यांना मुळातच आवडतं, अशी मुलं त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की तुला शाबासकीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र दिलं, पण काढून झाल्यावर, अचानक. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली आणि कोण किती वेळ त्यांच्याशी रमतं ते पाहिलं. ज्यांच्याशी आधी बोली झाली होती ती मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नाही.

मला या प्रयोगातला तिसरा नाही, दुसरा गट महत्त्वाचा वाटतो. बक्षिसाने खेळ नासला नाही. आधी झालेल्या बोलीने नासला. तिच्या वहीत तर रोजच बोली होती, फोटो टाकायचा आणि किती जणांना आवडला ते पाहायचं. बारा शीर्षकांच्या कामाने त्यावर फक्त शिक्का मारला.

तिने ते काम घ्यायला नको होतं, असं मी मुळीच म्हणत नाही. सुलेखन विकूनच तिचं घर चालतं. अडचण एवढीच होती की तिच्याजवळ मोकळी अशी एकच पट्टी होती आणि तीच कसायला गेली. पूर्वी अशा वेळी मी जमीन पड टाकण्याचा दाखला द्यायचे, की वर्षभर काही न पेरलं तर माती सुधारते. आता देत नाही. पड टाकणाऱ्याच्या मनात पुढचं पीक असतंच. त्या दाखल्यातसुद्धा कामच दबा धरून बसलेलं असतं.

भिंतीला तुंबड्या

आपल्याकडे एक म्हण सगळ्यांना पाठ असते, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. या दीड वर्षात मी त्या न्हाव्याचा खूप विचार केला.

तुंबडी म्हणजे अंगातलं दूषित रक्त ओढून काढायला लावायचं पोकळ शिंग किंवा भोपळ्याची वाटी. रोगी नाही म्हणून हा भिंतीलाच लावत बसला, आणि म्हण त्याला हसते. पण नीट पाहिलं तर त्याने हत्यार खाली ठेवलेलं नाही. ज्या हत्याराने पोट भरतो तेच त्याच्या हातात आहे. समोर रोगी नसल्यामुळे दुखण्याची भीती नाही, तक्रार नाही, मोबदलाही नाही. तुंबडी भिंतीला धरते का, धरली तर किती वेळ, सुटते तेव्हा आवाज कसा येतो, हे त्याला रोग्याच्या पाठीवर कधीच पाहता येणार नाही.

प्राण्यांच्या खेळाचा अभ्यास करणारे गॉर्डन बर्घार्ट यांनी खेळ ओळखायच्या पाच खुणा सांगितल्या आहेत. ती कृती त्या जागी पूर्ण उपयोगाची नसते. ती आपखुशीने केलेली असते. खऱ्या कृतीपेक्षा तिचं रूप वेगळं, अर्धवट किंवा अतिशयोक्त असतं. ती पुन्हापुन्हा केली जाते. आणि पाचवी खूण, खेळणारा जीव त्या वेळी निवांत असतो. उपाशी नाही, आजारी नाही, जिवाला धोका नाही. पहिल्या चार खुणा भिंतीवरच्या तुंबडीला सरळ लागू पडतात. पाचवी म्हणीच्या पहिल्याच शब्दात आहे, रिकामा.

पण रिकामा आणि बेकार हे दोन वेगळे न्हावी आहेत. संध्याकाळी चूल पेटेल की नाही या काळजीत जो भिंतीला तुंबड्या लावतोय, तो खेळत नाही, तो हाताला चाळा देऊन काळजी लपवतोय. बाहेरून दोघं सारखेच दिसतील.

ब्रह्मसूत्रातही हीच जागा वेगळ्या उंचीवर येते. आक्षेप असा की ज्याला काहीच कमी नाही त्याने जग कशासाठी निर्माण करावं? ‘न प्रयोजनवत्त्वात्’ (२.१.३२), कृती म्हटली की तिला प्रयोजन हवं. त्यावरचं उत्तर, ‘लोकवत्तु लीलाकैवल्यम्’ (२.१.३३). लोकव्यवहारात असते तशी ही निव्वळ लीला. शंकराचार्य भाष्यात दृष्टान्त देतात तो राजाचा किंवा त्याच्या अमात्याचा, ज्याला मिळवायचं काही उरलं नाही आणि जो तरीही क्रीडा करतो. दुसरा दृष्टान्त श्वासोच्छ्वासाचा. न्हावी काय, राजा काय, दोघांच्या बाबतीत अट एकच. त्या घटकेला काही कमी पडत नसलं पाहिजे.

मग तिच्या सकाळच्या तासाकडे पुन्हा पाहिलं. त्या तासात समोर जाड कागदाची वही असायची आणि डोक्यात तीन जुनी बिलं, ज्यांचे पैसे महिनोन् महिने आले नव्हते. वहीतल्या पानांवर आखणी का उमटायची, याचं उत्तर मला वहीपेक्षा त्या बिलांमध्ये जास्त दिसतं.

आधी बिल

म्हणून दुसऱ्या प्रयत्नाची सुरुवात खेळाने झाली नाही. तिने कामाच्या अटी बदलल्या. काम स्वीकारताना निम्मे पैसे, अंतिम फाइल देण्याआधी उरलेले निम्मे. पर्याय तीनच, चौथा हवा तर त्याचं वेगळं बिल. हे सगळं लिहून एका पानावर आणलं आणि जुन्या-नव्या सगळ्यांना पाठवलं. एक जुना ग्राहक सुटला. बाकीच्यांपैकी काहींनी कुरकुर केली आणि मग मानलं. या उलाढालीत चारेक महिने गेले आणि त्या काळात ती एकदाही खेळली नाही. मला घाई झाली होती. मी विचारलं की म्हणायची, “थांब जरा.”

सर्जनशील कामात खेळाला जागा द्या, असं सांगणाऱ्या लेखनात हा भाग मला क्वचितच सापडतो, आणि माझ्या मते तो पहिला आहे. ज्याच्या डोक्यावर थकलेलं भाडं आहे त्याला ‘मजेत खेळा’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. तिला अटी बदलता आल्या, कारण इतक्या वर्षांच्या नावलौकिकामुळे लोक तिच्या अटी ऐकून घेत होते. नवख्या मुलीला तेच जमेल असं नाही. तिच्यासाठी कदाचित आठवड्यातले थोडे मोकळे तास पुरणार नाहीत किंवा मिळणार नाहीत, कदाचित फक्त कामाआधीच्या रेघोट्या तीनऐवजी तीस करता येतील. तेवढंही थोडं नाही.

मग बुधवारची दुपार ठरली. कामं मंगळवारपर्यंत जायची, म्हणून बुधवार. फोन माझ्या खणात. कागद म्हणून जुन्या मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजू, कारण चांगला कागद पाहिला की तिचा हात आपोआप सावध व्हायचा. तारीख घालायची नाही. संध्याकाळी सगळं टोपलीत. आणि मी तिकडे पाहायचं नाही, पाहिलं तर बोलायचं नाही.

मसुद्यात मी याला ‘नियम’ म्हटलं होतं आणि तिने मला पहिल्यांदा अडवलं ते इथे. “नियम मोडला की अपराधी वाटतं,” तिने समासात लिहिलं. “मला तसं कधीच वाटलं नाही. कितीतरी बुधवार मी निब हातात न घेता नुसती बसले होते. तेही चाललं.” म्हणून शब्द काढला आहे. त्या तिच्या सवयी होत्या.

माझं एक वाक्य

पाच-सहा बुधवार असेच गेले. त्या दिवशी तिने दोरा शाईत बुडवला होता, तो वेटोळं करून घडी घातलेल्या कागदात ठेवला, वरून तळहाताने दाब दिला आणि दोऱ्याचं बाहेर राहिलेलं टोक हळूहळू ओढून काढलं. घडी उघडली तर आत समोरासमोर दोन आकार, पाकळ्या म्हणाव्यात तर पाकळ्या, घशातून निघालेला आवाज म्हणावा तर तसं काही. मी स्कॅनरकडे जायला उठले होते. पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, “अगं, हे त्या कवितासंग्रहाला काय सुंदर जाईल!”

ती हसली. पुन्हा दोरा बुडवला. या वेळी मी थांबून पाहत राहिले, आणि मला दिसलं की ती दोरा ठेवताना विचार करते आहे. वेटोळं कागदाच्या खालच्या निम्म्यात. तिसऱ्या वेळी वर तीन बोटं जागा मोकळी सोडली होती. शीर्षकाची जागा. घडी उघडून तिने तो आकार क्षणभर पाहिला, दोरा पुसला आणि शाईच्या बाटलीला झाकण लावलं.

“आज बास,” म्हणाली.

पुढचे तीन बुधवार काही झालं नाही.

मी प्रेमानेच बोलले होते, आणि म्हणूनच मला माझी चूक कळायला वेळ लागला. तिच्या आकाराला मी काम नेमून दिलं होतं. खेळाला वेळ लागतो, जागा लागते, हे आम्ही हेरलं होतं. पण तो खेळ कामाच्या नजरेपासून दूर राहावा लागतो, हे मला माझ्या त्या एका वाक्याने शिकवलं. आणि ती नजर काही परक्याची नव्हती. तिचे डोळे माझ्याहून जास्त तयार आहेत. कुठला आकार कुठल्या पुस्तकाला जाईल हे तिला माझ्याआधी दिसतं. बुधवारी ती ते डोळे कसेबसे मिटून बसली होती आणि मी ते उघडले.

भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. युद्धकाळातल्या कामानंतर ते कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते आणि आपल्याच्याने आता संशोधन होणार नाही इतके थकल्यासारखे झाले होते. मग त्यांनी ठरवलं, महत्त्व असो नसो, भौतिकशास्त्राशी पूर्वीसारखं नुसतं खेळायचं. विद्यापीठाच्या उपाहारगृहात कुणीतरी हवेत भिरकावलेली थाळी डुगडुगत फिरताना त्यांनी पाहिली. थाळीवर विद्यापीठाची मुद्रा होती, त्यामुळे फिरणं आणि डुगडुगणं वेगवेगळं टिपता येत होतं. ते त्याची समीकरणं मांडत बसले. तिथले ज्येष्ठ सहकारी हान्स बेथे यांना दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, याचं महत्त्व काय? काहीच नाही, गंमत म्हणून करतोय, असं फाइनमन यांचं उत्तर होतं. तिथूनच ते पुन्हा इलेक्ट्रॉनच्या प्रश्नांकडे वळले आणि पुढे १९६५चं नोबेल आलं.

गोष्ट खरी आहे, पण सांगणारा नेहमी नोबेल पुढे ओढतो, जणू थाळी ही गुंतवणूक होती. थाळीत नोबेल शोधायला बसले असते तर फाइनमन ज्या थकव्यातून उठले होते त्यातच परत गेले असते. मला त्या गोष्टीतला बेथे यांचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी विचारलं, म्हणून ‘काहीच नाही’ असं म्हणायला जागा राहिली. मी विचारलं नव्हतं. मी उत्तरच देऊन टाकलं होतं.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तू बोलली नसतीस तर मीच मनात बोलले असते. आज ना उद्या.”

कोरडं निब

तीन रिकाम्या बुधवारांनंतरच्या चौथ्या दुपारी ती ‘ळ’ काढत होती. ‘ळ’ हे तिचं जुनं आवडतं अक्षर. दोन गाठी, एक आत वळणारी, एक बाहेर, आणि निब न उचलता एकातून दुसऱ्यात जाता येतं. शिरोरेषा न देता ती ‘ळ’ला ‘ळ’ जोडत चालली होती, साखळीसारखी, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि परत. शाई संपत आली. रेघ फिकट झाली, मग तुटक, मग दिसेनाशी. एरवी हात आपसूक बाटलीकडे जातो. त्या दिवशी गेला नाही. कोरडं निब कागदावर ‘ळ’ काढत राहिलं. खोलीत फक्त त्याचा खरखर आवाज होता आणि मी मान वर करायची नाही म्हणून पडद्याकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “इकडे ये. काही बोलू नकोस.”

तिने वरचा कागद बाजूला केला होता. खालचा कागद कोरा होता. तिने टेबलावरचा दिवा खाली आणला, अगदी कागदाच्या पातळीला, आणि उजेड आडवा पडल्याबरोबर पांढऱ्यावर पांढरे ‘ळ’ उभे राहिले. निबाच्या दाबाने उमटलेले चर, प्रत्येकाच्या एका कडेला केसाएवढी सावली. जिथे हात जोरात वळला तिथे चर खोल, जिथे निब घसरलं तिथे दोन कडांच्या दोन रेघा. शाईत जे झाकलं जातं ते सगळं तिथे दिसत होतं, हात कुठे घाबरला, कुठे रमला, कुठे थकला. तिने दिवा वर केला. कागद पुन्हा कोरा. खाली आणला, पुन्हा ‘ळ’. असं आम्ही दोघींनी मिळून कितीतरी वेळा केलं, लहान मुली दिव्याचं बटण खालीवर करतात तसं. मग तिने तो कागद स्कॅनरवर टाकून पाहिला. पडद्यावर पांढरा चौकोन आला. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना.

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, ते कुठल्याच पुस्तकाला जाणार नव्हतं.

तेव्हापासून कोरड्या निबाचा खेळ कितीतरी महिने चालला आहे. तो का टिकला यावर आम्ही खूप बोललो आहोत. तिचं उत्तर साधं आहे, मजा येते. माझं थोडं वेगळं आहे. ओला कागद स्कॅन होतो, दोऱ्याचे आकार स्कॅन होतात, म्हणून ते दोन्ही खेळ कामाने उचलून नेले. हा चर आमच्या कामाच्या यंत्राला पचत नाही. फोटोतही तो धड येत नाही, कारण त्याची सगळी गंमत दिवा हलवण्यात आहे. तिने ते ठरवून शोधलं नव्हतं. पण आता कुणी मला विचारलं, की आमच्या कामात खेळाला जागा कशी करू, तर मी वेळापत्रकाआधी हे विचारते, तुमच्या हत्याराचा असा कोणता वापर आहे जो तुम्हाला कुणाला देताच येणार नाही? संगीतात, लेखनात, कुंभाराच्या चाकावर त्याचं उत्तर वेगळं निघेल, पण निघेल.

काय बदललं

हा प्रश्न सगळे विचारतात. मी जे पाहिलं ते लिहिते.

टोपली पुन्हा भरते, बुधवारीच नव्हे तर इतर दिवशीही. तीन रेघोट्यांची मोजदाद सुटली. पर्याय द्यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. मधल्या काळात तिची दोन मुखपृष्ठं नाकारली गेली, जे त्याआधी बरीच वर्षं घडलं नव्हतं. त्यातल्या एकात शिरोरेषा मधेच सोडून दिलेली होती, अक्षरं कशाला लटकली आहेत ते कळू नये अशी. मला ते शीर्षक फार आवडलं होतं.

मसुद्यात मी लिहिलं होतं की ती तुटलेली शिरोरेषा कोरड्या निबातून आली. तिने दुसऱ्यांदा अडवलं ते इथे. “ते कुठून आलं मला माहीत नाही. तुला कसं माहीत?” मी ते वाक्य खोडलं. खोडताना लक्षात आलं की एवढं सगळं पाहूनही मी पुन्हा थाळीतून नोबेल काढू पाहत होते.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे आणि ते टाळणं बरं नाही. रवींद्रनाथ टागोर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या शब्दांना रेघांनी जोडत जायचे आणि त्यातून पक्षी, मुखवटे, विचित्र प्राणी तयार व्हायचे. १९२४मध्ये ते अर्जेंटिनात तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या आतिथ्यात राहिले, तेव्हा ओकाम्पो यांची नजर त्यांच्या वहीतल्या या खोडाखोडीवर गेली. पुढे १९३०मध्ये पॅरिसला टागोरांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यातही ओकाम्पो यांचा मोठा हात होता. तेव्हा टागोर सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. म्हणजे इथे कुणीतरी पाहिलं, कौतुक केलं, आणि खेळ मेला नाही, उलट शेकडो चित्रं झाली.

मी यावर बराच विचार केला. मला दिसतं ते असं की खोडाखोडीचा तो नाद वहीच्या पोटात, कवितेच्या आडोशाने आधीच मुरलेला होता. ओकाम्पो यांनी पाहिलं तेव्हा तो स्वतःच्या पायावर उभा होता. शिवाय चित्रं विकून टागोरांना घर चालवायचं नव्हतं. माझं वाक्य तिच्या कानावर पडलं तेव्हा तिचा खेळ सहा आठवड्यांचा होता. त्यामुळे कुणीच कधीच पाहू नये, असं मी आता म्हणत नाही. किती मुरल्यावर पाहावं याचं माप मात्र माझ्याजवळ नाही, आणि मी शेजारी बसणारी असल्यामुळे मी न बोलण्याच्या बाजूने चुकणं बरं.

सगळं सुटलं आहे असंही नाही. तातडीच्या कामांनी अधूनमधून बुधवार खाल्ले. एकदा तिने सलग पाच बुधवार गमावले आणि सहाव्या बुधवारी निब हातात घेऊन म्हणाली, “काय करायचं तेच आठवत नाही.” त्या दिवशी ती कागदाची टोकं दुमडत बसली.

गेल्या बुधवारी दिवा खाली होता आणि ती कोरड्या निबाने ‘ळ’ काढत होती. मी पाणी प्यायला उठले तेव्हा कागदावर नजर गेली. साखळी सुंदर होती. दोन्ही गाठी सारख्या, चराची खोली सारखी, वळणं एकसारखी गोल. मी काहीच बोलले नाही. पण तिलाही ते दिसलं असावं, कारण तिचा हात थांबला. तिने कागद जवळ ओढला, उजेडात डावीउजवीकडे फिरवून पाहिला.

“इथेही बसला,” ती म्हणाली.

तिने नवा पाठकोरा कागद घेतला आणि निब डाव्या हातात धरलं. पहिला ‘ळ’ मधेच फाटला. दुसऱ्याच्या गाठी एकमेकींपासून दूर पडल्या. ती तिसरा काढायला लागली तशी मी माझ्या टेबलाकडे वळले.